डाळ शिजली तर प्लॉट घेऊ

फसवले जाण्याची इतकी जय्यत तयारी करून बसलेला आणि तरीही आयुष्यात एकदाही न फसलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे माझे धाकटे दीर. वाळूजच्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं ते तयार माल तपासायच्या खात्यात होते. समोरून सरकणाऱ्या शंभर भागांतला कुठला वाकडा आहे ते हुडकून बाजूला काढायचा, याचा त्यांना पगार मिळायचा. पुढं कंपनीनं मुदतीआधी निवृत्ती दिली, एकरकमी पैसे दिले, शाल दिली, पण ती नजर काही परत मागून घेतली नाही. ती घेऊनच ते घरी आले. आता ते काकडीचं टोक मोडून चाखल्याशिवाय पिशवीत टाकत नाहीत, औषधाच्या गोळ्या घरी आल्यावर पुन्हा मोजतात आणि लग्नपत्रिका आली की आधी तिथी आणि वार जुळतात का ते पंचांगात बघतात. एकदा जुळले नव्हते. तेव्हापासून तर त्यांना कुणी समजावूच शकत नाही.

अशा माणसाला जमीन घ्यायची होती. कारण मंगल. मंगल म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यात सात भाड्याची घरं. सातही घरमालकांनी भिंतीला खिळा ठोकू नका म्हणून सांगितलं, आणि तिनं ठोकला नाही. तिच्याकडचे सगळे फोटो कपाटावर टेकवून ठेवलेले असतात. पंखा जोरात लावला की तिचे सासू-सासरे तोंडावर पडतात. निवृत्तीचे पैसे आले त्या दिवशी तिनं एवढंच म्हटलं, "आता आपली जागा घ्यायची." भाऊजी म्हणाले, "घेऊ की. बघून घेऊ." त्या 'बघून'मध्ये पुढची चार वर्षं गेली.

त्यांचा सल्लागार होण्याचा मान माझ्याकडं आला, कारण हडको वसाहतीतलं आमचं घर मी एका दुपारी पसंत केलं होतं. शाळेच्या कार्यालयात माझी नोकरी. मधल्या सुट्टीत घर पाहिलं, सुट्टी संपायच्या आत हो म्हणून सांगितलं. भाऊजींच्या दृष्टीनं हा विजेच्या उघड्या तारेला हात लावून जिवंत राहण्यासारखा प्रकार होता. त्यामुळं रोज सकाळी सव्वासहाला त्यांचा फोन यायचा. "वहिनी, रस्ता नऊ मीटर म्हणतात तो कुठून कुठवर धरायचा? गटार आत का बाहेर?" मी म्हणायची, "भाऊजी, आधी दात घासा." दुसऱ्या दिवशी, "वहिनी, बिगरशेती आदेशावरची सही साहेबाचीच आहे हे कशावरून ओळखायचं?" तिसऱ्या दिवशी, "सातबाऱ्यावर विहीर आहे आणि जागेवर नाही. मग विहीर गेली कुठं?" मी हसायची, पण त्यांचे प्रश्न खुळे नसायचे. शेजारच्या गल्लीतल्या एका मास्तरांनी घेतलेला प्लॉट आणखी दोघांनीही घेतलेला निघाला होता. तिघंही दर रविवारी तिथं जाऊन आपापली पाटी लावायचे आणि दुसऱ्याची उपटायचे.

कागद बघायचे सगळेच बघतात. भाऊजींची खरी परीक्षा वेगळी होती. जागा पाहायला गेले की ते जवळच्या घरी प्यायला पाणी मागायचे. एक घोट जिभेवर फिरवून गिळायचे, आणि मग डिकीतून दोन लिटरची बाटली काढून म्हणायचे, "ताई, जरा भरून द्या." ते पाणी घरी यायचं आणि मंगलनं त्यात तुरीची डाळ शिजवायची. कुकर नाही, साध्या पातेल्यात. भाऊजी घड्याळ घेऊन शेजारी उभे. डाळ मेण झाली तर जागा पास, दाणे अखंड राहिले तर पाणी जड, जागा नापास. कारण आपल्या शहरात नळाला पाणी कितव्या दिवशी येईल हे नळालाही माहीत नसतं. बोअरच्या पाण्यावरच जन्म काढायचा, मग ते आधी रांधून बघायला नको? तर्क बिनतोड होता, पण जेवण व्हायचं नाही. मंगलनं अकरा जागांची डाळ शिजवली. त्यातल्या आठ जागांची त्यांनी दाताखाली कचकच करत खाल्ली. एकदा ती मला म्हणाली, "ताई, लोकांकडं पाहुणे येतात, आमच्याकडं बाटल्या येतात."

या तपासणीत काळ जात होता आणि जागा लांब चालल्या होत्या. पहिल्या वर्षी ते शहराला लागूनच्या सातारा परिसरात बघत होते. ते परवडेना झालं तेव्हा कांचनवाडी. कांचनवाडीचा भाव अंगावर आला तेव्हा चितेगाव. आणखी दोन वर्षं थांबले असते तर पैठणला थेट नाथसागराच्या पाण्यात प्लॉट मिळाला असता आणि मग डाळीचा प्रश्नच उरला नसता. मी हे त्यांना म्हटलंसुद्धा. ते हसले नाहीत. त्यांना झोप लागत नव्हती. घ्यावं तर फसण्याची भीती, न घ्यावं तर भाव पळण्याची भीती, अशा दोन भीतींच्या मधल्या नऊ मीटरच्या रस्त्यावर ते उभे होते. वजन सहा किलोनं उतरलं होतं. मंगलनं बोलणं कमी केलं होतं, आणि ती गप्प झाली की भाऊजींना भाव वाढल्यापेक्षा जास्त भीती वाटायची.

शेवटी बिडकीनच्या अलीकडं एक जागा सापडली. रस्त्याला लागून, बिगरशेती झालेली, उतार योग्य दिशेला, आणि पाणी असं की डाळ अर्ध्या तासात मऊ लोणी. मंगलनं त्या दिवशी वरून तूप घातलं. दलाल पांढऱ्या शर्टातला, दोन फोनवाला. तो म्हणाला, "काका, टेन्शनच नका घेऊ. पेपर एकदम साफ. बिनधास्त आंख बंद करून घ्या. दोन साल थांबा, इथं पाय ठेवायला जागा नाय मिळणार." आंख बंद करून, या शब्दांवर भाऊजींचे डोळे आणखी मोठे झाले, पण सातबारा पाहिला, फेरफार पाहिले, वकिलांना दाखवले, सगळं जुळत होतं. वडील गेल्यावर वारस म्हणून दोन मुलगे आणि आई यांची नावं लागलेली. भाऊजींनी नोटा दोनदा मोजून इसार दिला. दोन महिन्यांत खरेदीखत करायचं, नाही केलं तर इसार बुडाला आणि जागा दुसऱ्याला. दुसरं गिऱ्हाईक उभंच होतं. मंगलनं त्या संध्याकाळी आमच्याकडं पेढे आणले आणि परत जाताना हार्डवेअरच्या दुकानातून पाव किलो खिळे घेतले.

दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. भाऊजी मात्र खरेदीच्या आधी मालकाच्या घरी चहा प्यायचाच, या मताचे. "वहिनी, कागद सांगतो ते कागदाला सांगितलेलं असतं. घर काय सांगतं ते घरात बसल्यावर कळतं." मी बरोबर गेले होते. दोन मुलग्यांतला थोरला ओसरीवर बसून भावकीच्या गोष्टी सांगत होता, दलाल फोनवर होता, आणि भाऊजी आतल्या दाराशी बसलेल्या म्हातारीकडं सरकले.

"आजी, लेकरं किती तुम्हाला?"

"दोन ल्योक."

"अन् लेकी?"

"येकच की. गया. लासूरला दिलीय, टेशनाजवळ. तीन वरसं झाली, आली नाय माय ती."

थोरल्याच्या हातातली बशी तशीच राहिली. दलालानं कानाचा फोन खाली घेतला आणि म्हणाला, "अरे काका, बहीण का विषय कशाला काढता? तिचं लग्न लावून दिलंय, सगळं दिलंय. ती काय कोर्टात जाणार हाय का?" भाऊजींनी चहा संपवला, कप आडवा करून ठेवला आणि फक्त एवढंच विचारलं, "वारसात नाव का नाही?" थोरला म्हणाला, "राहून गेलं."

अठ्ठावीस वर्षं वाकडा भाग हुडकणाऱ्या माणसाला तो सापडला होता. पण या वेळी तो बाजूला काढून टाकता येत नव्हता, कारण मंगल खिळे घेऊन बसली होती. वकील म्हणाले, तिची संमती घ्या, हक्कसोड लिहून घ्या, मग बिनघोर खरेदी करा. नाहीतर आज ती गप्प आहे, उद्या तिची मुलं उभी राहतील. इसाराची मुदत महिन्यावर आली होती. भाऊजी म्हणाले, "लासूरला जाऊ. वहिनी, तुम्ही चला, बाईमाणूस बरोबर असलेलं बरं." गाडी माझी, चालवणारी मी, रविवार माझा; मी निघाले. खरं सांगते, मला वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम आहे.

गयाबाईंची पिठाची गिरणी आहे. आम्ही गेलो तेव्हा त्या बाजरी दळत होत्या. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. भाऊजींनी घसा साफ करून भूमिका मांडली; अशा वेळी ते फार लांबून सुरू करतात, आपली नोकरी, आपलं भाड्याचं घर, मंगल. गयाबाईंनी गिरणी बंद करून सगळं ऐकून घेतलं. जमीन विकायला काढलीय हे त्यांना आमच्याकडूनच कळत होतं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. त्या म्हणाल्या, "सही काय, आत्ता देते. मला काय करायचंय जमीन? माझी गिरणी हाय. पण माह्या भावानं यावं अन् मागावं. तुमी कामून आले?"

भाऊजींनी अडखळत विचारलं, भाऊ का येत नाही. तेव्हा सगळं बाहेर आलं. वडिलांच्या तेराव्याला त्या गेल्या होत्या. पंगती उठल्या, भांडी निघाली, आणि त्यांना कुणी 'जेवायला बस' म्हटलं नाही. "बापाच्या दारातून उपाशी आले मी. सासरी काय सांगू? चहा पिऊन आले म्हनून सांगितलं." मग त्यांनी डोळे पुसले, त्यामुळं पिठाचे दोन ओले पट्टे उमटले, आणि आम्हाला मात्र त्यांनी भाकरी आणि शेंगदाण्याचा खर्डा खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.

परत येताना माळीवाड्यापर्यंत भाऊजी बाहीवरचं पीठ झटकत होते. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्या माहेरच्या जमिनीचं काय झालं?"

"सही करून दिली की. केव्हाच. अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले होते."

"मागायला कोण आलं होतं?"

"फोन आला होता."

त्यांनी काच खाली केली आणि बाहेर बघत बसले. मी गिअर बदलला. गरज नव्हती बदलायची.

पुढचे तीन आठवडे भाऊजींनी जे केलं ते कुठल्याही घर-जमिनीच्या सल्लापुस्तकात सापडणार नाही. ते रोज बिडकीनला जाऊन थोरल्याला समजावत होते. थोरल्याचं म्हणणं वेगळंच. "घरच्या लेकीला जेव म्हणावं लागतंय व्हय? ती पाव्हणी हाय का? ताट घ्यायचं अन् बसायचं. तर न जेवता गेली, साऱ्या गावासमोर नाक कापलं आमचं." एक म्हणत होती, कुणी बोलावलं नाही, दुसरा म्हणत होता, बोलवायचं कशाला. दोघंही खरं बोलत होते आणि मध्ये आमचा प्लॉट अडकला होता. भाऊजींनी शेवटी स्वतःच्या पैशानं गुलमंडीवरून एक साडी आणली. पदर, काठ, लांबी, सगळं तपासून. थोरल्यापुढं ठेवली. म्हणाले, "साडी मी आणलीय. तुम्ही फक्त हातात धरा अन् चला. बोलूसुद्धा नका."

आणि तो निघाला! मुदतीला चार दिवस उरले होते. मी गाडी काढली. पुढच्या सीटवर थोरला, मांडीवर साडीची पिशवी, मागं भाऊजी. माळीवाड्याला तो म्हणाला, चहा घेऊ. टपरीवर त्यानं चहा घेतला, मग आणखी एक घेतला, तिसरा मागवला आणि तो पिण्याऐवजी बशीत ओतून बघत बसला. भाऊजी त्याच्याकडं बघत होते, जसं कुणी डॉक्टरच्या तोंडाकडं बघतं. शेवटी तो उठला, पिशवी बोनेटवर ठेवली आणि म्हणाला, "नाय व्हत मला. ती रडंल. मग मी बी रडंल. चुलीत घाला तुमचा प्लॉट." आणि पहिल्या आलेल्या एसटीला हात करून तो निघून गेला. तशी ती एसटी वेरूळला चालली होती, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

दलालाचा फोन आला, मुदत वाढणार नाही, येता की सोडता? त्या संध्याकाळी सगळे आमच्याकडं जमले. माझे यजमान म्हणाले, घे. शेजारचे म्हणाले, बायका कुठं कोर्टात जातात. आणि लासूरला जाऊन खर्डा खाऊन आलेली मीही म्हणाले, "घ्या भाऊजी. कागदावर नाव नाही तिचं. मंगलनं किती वर्षं काढायची?" मी असं म्हटलं होतं, हे लिहून ठेवते, कारण पुढं मी काही वेगळं म्हटल्याचं लोकांना सांगत असते.

भाऊजी खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते म्हणाले, "डाळ तर शिजली होती हो वहिनी." आवाज इतका बारीक की कुणालाच हसू आलं नाही. त्यांनी मंगलकडं पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तपासणी दुसऱ्यावर सोपवली होती.

मंगल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, "आपण तिथं राहायला जाऊ. एखाद्या दिवशी ती बाई जाता-जाता बापाची जागा बघायला म्हणून दारात आली, तर मी तिला काय म्हणू? या बसा, जेवा, असं म्हणू का? तिच्याच घरात?" मग पदर खोचून ती आत गेली आणि भांडी घासायला लागली, माझ्या घरातली, मी नको म्हणत असताना.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी नाही म्हणून कळवलं. वारस लपवल्याची चूक विकणाऱ्यांची असल्यानं वकिलांनी खडसावलं तेव्हा इसार परत मिळाला, तोही तीन खेपांत. महिन्याभरात ती जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली. त्यानं म्हणे कुणाकडं चहासुद्धा घेतला नाही. भाव त्यानंतर असे चढले, की भाऊजींच्या पैशात आता त्या बाजूला गाडी लावण्यापुरती जागा आली तर आली. ते दोघं सध्या आठव्या घरात राहतात. साडी भाऊजींनी स्वतः लासूरला जाऊन देऊन टाकली. भावानं पाठवली असं म्हणायचं त्यांच्या तोंडात आलं होतं, पण खोटा माल त्यांच्या हातून पुढं सरकत नाही. "माझ्याकडून आहे," म्हणाले. गयाबाईंनी ती घेतली आणि पाच किलो पीठ बांधून दिलं.

मागच्या महिन्यात पैठणला एका लग्नाला गेलो होतो. गाडी मी चालवत होते, भाऊजी शेजारी, मंगल मागं. बिडकीनच्या अलीकडं माझाच पाय आपोआप ब्रेकवर आला. त्या जागेवर घर झालंय. फिकट पिवळा रंग, गेटला गणपती, अंगणात वाळत घातलेले लहान मुलाचे कपडे. जागा घेणाऱ्याला तीन वर्षांत काहीही झालेलं नाही. कुणी कोर्टात गेलं नाही, कुणी दारात येऊन उभं राहिलं नाही.

भाऊजींनी गेटपासून गच्चीपर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "वहिनी, यांनी तिला विचारलं असेल का हो?"

मागून एक ट्रक भोंगा वाजवत होता. मी गाडी पुढं काढली तेव्हा मंगलनं मान वळवून, घर दिसेनासं होईपर्यंत बघून घेतलं.

"पश्चिमेला खिडक्या ठेवल्यात," ती म्हणाली. "उन्हाळ्यात भाजतील बिचारे. तिथं स्वयंपाकघर घ्यायला पाहिजे होतं."